हिराबायचं कोपर

हिराबाय कोळिणीला डॉक्टरांनी फसवलं, त्यात मी त्यांना साथ दिली, आणि प्रकरण अंगाशी आल्यावर माल खोटा होता असं सांगून डॉक्टरांनी मला फसवलं. क्रम हाच आहे. कुणी तो उलटा सांगत असेल तर त्याने माझ्या गाळ्यावर यावं, समोरासमोर बोलू.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं होतं. नावं घालू नका ही त्यांची अट मी पाळली आहे. हिराबाय हे नाव बदललेलं आहे, तिच्या मुलीचंही, डॉक्टरांचं तर लिहितच नाही. गमतींचं मात्र बघू, किती जमतात ते.

मी हाडांत बसवायचा माल विकतो. मोडलेल्या हाडाला लावायच्या पट्ट्या, स्क्रू, मांडीच्या हाडातून घालायच्या सळ्या आणि खराब झालेल्या सांध्याच्या जागी बसवायचे धातूचे सांधे. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. खेड तालुक्यातून डोंबिवलीला आलो तेव्हा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये लेथवर लागलो. तिथे हाडाचे स्क्रू कातायचो. एक दिवस मालकाने हलक्या प्रतीची सळी माझ्यापुढे टाकली आणि यातूनच काप म्हणाला. मी ती सळी त्याच्या टेबलावर आपटली. टेबलाची काच फुटली, नोकरी गेली. तेव्हापासून स्वतःचा धंदा. बॅगेत पट्ट्या घेऊन कल्याण ते ठाणे हिंडलो. या भागात हाडांचा एकही जुना डॉक्टर असा नसेल, ज्याच्या दाराबाहेर चपला काढून मी तासन् तास बसलेलो नाही. म्हणून माल खोटा हे दोन शब्द मला सहन होत नाहीत.

बाहेरच्यांना वाटतं, कृत्रिम सांधे हॉस्पिटलच्या कपाटात ठेवलेले असतात. तसं नसतं. आदल्या दिवशी मला फोन येतो, “शिगवणशेठ, उद्या सकाळी गुडघा, उजवा.” मग माझ्या टेम्पोतून चार-पाच लोखंडी पेट्या जातात. हत्यारं हॉस्पिटल वाफेत निर्जंतुक करून घेतं. शरीरात कायम राहणारा सांधा मात्र कंपनीतूनच दुहेरी पाकिटात बंद होऊन येतो. पाकिटावर तारीख असते, ती उलटली की तो वापरायचा नाही. कोणता नंबर बसेल ते हाड उघडल्याशिवाय नक्की होत नाही, म्हणून लहान-मोठे सगळे न्यायचे. एक वापरला जातो, बाकीचे परत येतात.

मी स्वतः हिरवे कपडे चढवून ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला टेकून उभा राहतो, टेबलापासून चार हात लांब. सर्जन विचारतो, “शेठ, याहून बारीक?” मी सांगतो, “आहे सर, तिसऱ्या ट्रेमध्ये डावीकडे.” कधीकधी पुढची पायरी कोणती तेही सांगावं लागतं. हे कुणी चारचौघांत कबूल करणार नाही. पण दहावीला एकदा आपटलेला माणूस मोठ्या पदव्यांच्या लोकांना करवत कुठे धरायची ते सांगतो, याचा मला अभिमान होता. अजून आहे.

पाकीट फोडलं की सांध्याबरोबर दोन कागद निघतात. एक स्टिकरांचा. त्यावर त्या सांध्याचा नंबर असतो. एक स्टिकर पेशंटच्या फाईलला, एक बिलाला, एक मला. दुसरी असते घडीची माहितीपुस्तिका, डझनभर भाषांत, त्यात मराठी नाही. पेशंटने पुढे काय करायचं नाही ते त्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. स्टिकर सिस्टर जपून काढते, कारण त्याशिवाय बिल होत नाही. पुस्तिका खोक्याबरोबर कचऱ्याच्या पिशवीत जाते. इतक्या वर्षांत ती पुस्तिका पेशंटच्या हातात पडलेली मी एकदाही पाहिली नाही. कित्येकदा मीच खोकी चेपून त्या पिशवीत कोंबली आहेत.

गुडघे रोजचे. खुबे आठवड्याला एखाद-दोन. कोपर मात्र वर्षातून दोन, फार तर तीन. कोपर हा वाईट सांधा आहे. एक दांडा दंडाच्या हाडात, दुसरा मनगटाकडे जाणाऱ्या हाडात, दोन्ही दांडे हाडांसाठीच्या खास सिमेंटने पक्के करायचे आणि मध्ये दाराच्या बिजागरीसारखी खीळ. कागदावर सोपं. पण कोपराच्या मागे हात लावून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. मांस नाहीच. म्हणजे जखम उकलली की थेट धातू उघडा. आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस जाते, जी आपटली की झिणझिण्या येतात ती. ती आधी शोधून, अलगद बाजूला धरून ठेवावी लागते. दंडाच्या मागचा स्नायू सोडवून परत शिवावा लागतो, आणि तो नीट धरला नाही तर माणसाला डोक्यावरच्या फळीवरून डबासुद्धा काढता येत नाही. आणि सगळं चांगलं झालं तरी एक अट राहते. त्या हाताने चार-पाच किलोच्या वर कधीही उचलायचं नाही. सारखं उचलायचं असेल तर किलोभरच. पाण्याने भरलेली बादलीही नाही. सहा महिने नव्हे, मरेपर्यंत. उचललंत तर धातू मोडत नाही. सिमेंटची हाडावरची पकड सुटते.

चांगलंही होतं, नाही असं नाही. डोंबिवलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. संधिवाताने दोन्ही कोपरं आखडलेली, हात तोंडापर्यंत पोचत नव्हता. सून भरवायची. बाईंना त्याची इतकी लाज वाटे की पाहुणे आले की त्या जेवायच्याच नाहीत. उजवं कोपर बदललं. दोन महिन्यांनी मी हॉस्पिटलात बिलाच्या कामाला गेलो तर बाई तपासणीला आलेल्या. मला ओळखायचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं, हे तुमच्या सांध्याचे शेठ. बाई म्हणाल्या, “अहो, काल मी माझी वेणी घातली. वाकडी झाली. सून म्हणाली, सोडते नि परत घालते, मी म्हटलं खबरदार.” त्यांना बादली उचलायची नव्हती. आयुष्यात जड म्हणून त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच काय ते उचललेले. असा पेशंट असेल तर कोपराइतकं पुण्याईचं ऑपरेशन नाही.

उलटंही पाहिलं. कल्याणचा एक शिंपी, अपघातात कोपराचा चुरा झालेला. ऑपरेशननंतर कोपर झकास वाकायला लागलं, पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. डॉक्टर म्हणायचे, नस दमली आहे, येईल. वर्ष झालं, आली नाही. शिंपी मला म्हणाला, “कापड गुळगुळीत आहे की खरखरीत तेच कळत नाही हो शेठ. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळतं.” ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे राहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची जखम तिसऱ्या आठवड्यात उकलली, पू झाला. तीनदा धुतलं, शेवटी सांधा काढावा लागला. मी पोचवलेला सांधा मी काढताना पाहिला, आणि त्या जागी परत काही बसवलं नाही. या दोघांत मी कुणाला दोष देत नाही. डॉक्टरांनी दोघांनाही आधी सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. दोघं रडले, पण फसवलं असं म्हणाले नाहीत.

आता हिराबाय.

वय अठ्ठावन्न. खाडीकाठच्या कोळीवाड्यात घर, ठाण्याच्या मार्केटात मासळीची पाटी घेऊन विकायला बसायची. नवरा गेलेला, मुलगी कल्पना शाळेत क्लार्क. मार्केटच्या ओल्या फरशीवर हिराबाय घसरली आणि उजवं कोपर दगडावर आपटलं. एक्स-रेमध्ये सांध्याजवळचं हाड काचेच्या बांगडीसारखं फुटलेलं दिसत होतं. डॉक्टर चाळिशीतले, नुकतेच परदेशातून कोपराचं ट्रेनिंग घेऊन आलेले. हात चांगला होता माणसाचा, ते मी आजही म्हणेन. त्यांचा फोन आला, “शेठ, कोपराचा सेट घेऊन या. रिप्लेस करू.”

मी गेलो, एक्स-रे पाहिला. म्हणालो, “सर, पट्ट्याही गाडीत आहेत. दोन्ही बाजूंनी लावायच्या.”

“पट्ट्या काय, कोणीही लावतो,” डॉक्टर हसले. “सहा महिने हात आखडून बसेल ती. हे बघा, पंधरा दिवसांत हात वाकवून दाखवतो.”

इथे मी बोलायला हवं होतं. कोळीण आहे सर, तिचा धंदाच वजनाचा. एवढं एक वाक्य. मी बोललो नाही, कारण लहान नंबरचा जो सांधा तिला बसणार होता तो माझ्याकडे तीन वर्षं पडून होता आणि पाकिटावरच्या तारखेला चार महिने उरले होते. तारखेच्या आत होता, त्यात काही खोटं नव्हतं. पण तो खपावा असं मला वाटत होतं, हे खरं आहे.

मग डॉक्टरांनी सांगितलं, “नातेवाइकांना किमतीचं तुम्हीच समजावा.” वॉर्डात गेलो तर कल्पना खाली औषधं आणायला गेलेली. खाटेवर हिराबाय, हात फळीला बांधलेला, चेहरा दुखण्याने काळवंडलेला. मी किंमत सांगितली. मला वाटलं, रडेल. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“किती कमी करशील?”

“मावशी, हा काय बोंबील आहे?”

“बोंबील आसता त मी तुला इच्यारला नसता. मीच भाव सांगला आसता. बोल, किती कमी करशील?”

माझा जन्म घासाघीस करण्यात गेला. खरेदी अधिकारी, ट्रस्टी, सर्जन, सगळ्यांशी केली. पण मोडका हात फळीला बांधलेला असताना खाटेवरून माझ्याशी घासाघीस करणारी ही पहिली. मी खाली आलो, ती थोडी वर आली. मी उठून जायचं नाटक केलं, तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाच मिनिटांत तिने मला त्या आकड्यावर आणलं, ज्यावर मी हॉस्पिटललाही दिलं नसतं. मला राग आला नाही. मजा आली. धंद्यातलं माणूस भेटलं की बरं वाटतं.

सौदा झाल्यावर तिने विचारलं, “शेट, मना येक सांग. पाटी उचलाया येल ना?”

आणि मी म्हणालो, “मावशी, विमानात वापरतात तो धातू आहे. काय समजलात?”

शब्द खरा आहे. तो टायटॅनियमच असतो. पण तिने विचारलं होतं पाटीचं आणि मी उत्तर दिलं धातूचं. घासाघिशीत समोरच्याला शेवटी काहीतरी भारी सांगून सोडायची मला सवय आहे, त्या सवयीने बोललो. ती हसली. त्या दिवसभरात पहिल्यांदाच हसली.

ऑपरेशन सुरेख झालं. नस सांभाळली, सिमेंट वेळेत बसलं, बिजागरी मऊ लोण्यासारखी फिरली. डॉक्टरांनी फोटो काढले, पुढे कुठल्याशा परिषदेत दाखवले. स्टिकर तीन ठिकाणी चिकटले. पुस्तिका पिशवीत गेली. सहीचा फॉर्म इंग्रजीत होता, त्यात जंतुसंसर्ग होता, नस होती, भूल होती. वजनाबद्दल ओळ नव्हती.

तीन महिन्यांनी हिराबाय मार्केटात परत बसली. मी एकदा टेंभी नाक्याकडे कामाला गेलेलो, तिथून मुद्दाम मार्केटात डोकावलो. मला बघताच तिने शेजारणींना हाक मारली, “यो बगा यो, याचाच लोखंड हाय माज्या हातान! इमानाचा!” आणि शेजारी बर्फाने भरलेली पाटी होती ती दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवून दाखवली. बायांनी वाहवा केली. एक म्हणाली, “हिरे, आता उडशील गो तू!”

वीस किलोची तरी असेल पाटी. मी पाहिलं. तेव्हाही मला सांगता आलं असतं, पाटी खाली ठेव मावशी, आजपासून हात लावू नकोस. तिने मला दोन सुरमया बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मी त्या घेऊन घरी आलो.

दीड वर्ष हात चालला. मग दुखायला लागला, आधी पाटी उचलताना, नंतर झोपेतही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. एक्स-रेमध्ये सिमेंटच्या कडेने काळी रेघ आली होती. आमच्या धंद्यात त्या रेघेचा अर्थ एकच, सांधा सुटायला लागला. आणि एके सकाळी टेम्पोतून बर्फाची पेटी ओढताना दंडाचं हाड दांड्याच्या टोकापाशी काडकन मोडलं. मार्केटभर आवाज गेला म्हणतात.

पुढे जे झालं ते मला महिन्याभराने कळलं. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सांधा काढला. हाड इतकं पोखरलेलं होतं की दुसरा बसवण्यात अर्थ नाही असं तिथल्यांनी ठरवलं. आणि कल्पना आमच्या डॉक्टरांकडे जाब विचारायला गेली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, “माझ्या ऑपरेशनमध्ये काही चूक नव्हती. सप्लायरने माल हलका दिला.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पना आणि कोळीवाड्यातल्या दोन बाया माझ्या डोंबिवलीच्या गाळ्यावर आल्या. कल्पनाने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर टाकली. आत काढलेला सांधा.

“ओ शेठ, घ्या तुमचं विमान. पडलं ते.”

“काय झालं?”

“काय झालं विचारताय? वर परत? लाज नाही वाटत? डॉक्टरांनी सांगितलं मला, कचरा विकलात तुम्ही माझ्या आईला!”

कचरा म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. मी पिशवी फोडली. सांधा हातात घेतला. बिजागरी फिरवून दाखवली, तशीच मऊ. दांडे सरळ, एक ओरखडा नाही. वरच्या दांड्याला सिमेंटचं कवच जसंच्या तसं चिकटलेलं, आणि त्या कवचाला हाडाचा चुरा.

“बघ, डोळे उघडून बघ! कुठे मोडलाय? यातलं काय कचरा आहे? हाडावरून निसटलाय तो. वीस-वीस किलोच्या पाट्या उचलल्यावर निसटणार नाही तर काय होणार?”

“म्हणजे आईची चूक?”

“तुला कागद दाखवतो, थांब,” म्हणत मी कपाटातून दुसऱ्या कोपराचं खोकं काढलं, रागाच्या भरात टराटरा फाडलं, पुस्तिका तिच्यासमोर आपटली. “वाच. कॉलेज शिकलीयस ना? वाच इथे. वजन किती उचलायचं ते वाच.”

तिने वाचलं. सगळं वाचलं, सावकाश. बाकीच्या दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग तिने मान वर केली. आवाज एकदम खाली आला होता.

“हा कागद तेव्हा कुठे होता?”

मी फाडलेल्या खोक्याचे तुकडे गोळा करायला लागलो.

“शेठ, मी विचारते. आईच्या खोक्यातला हा कागद कुठे गेला?”

बरोबरच्या दोघींपैकी म्हातारी होती ती म्हणाली, “चल गो कल्पने. याच्याकडं काय नाय.” त्या गेल्या. सांधा माझ्या टेबलावर राहिला.

मी तो खिशात घालून तसाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांची ओपीडी चालू होती. मी पेशंट बाहेर काढला नाही, एवढा शहाणपणा दाखवला. बाहेर थांबलो, नंबर आल्यावर आत गेलो.

“सर, माल हलका होता म्हणालात?”

“शेठ, बसा. मी वैद्यकीय भाषेत बोललो. इम्प्लांट फेल झालं, एवढंच.”

मी सांधा टेबलावर ठेवला. “कुठे फेल झालंय दाखवा. नाहीतर लॅबला पाठवू. खर्च माझा.”

“आवाज कमी करा. बाहेर लोक बसलेत.”

“बसू देत. तिला वजनाचं सांगितलं होतं तुम्ही?”

“डिस्चार्ज कार्डवर आहे. ‘अव्हॉइड हेवी वर्क.’”

“मराठीत सांगितलं होतं का? पाटी उचलू नको असं? तिचा धंदा काय ते विचारलं होतं?”

डॉक्टर म्हणाले, “शेठ, तुम्ही थिएटरमध्ये होतात. सौदाही तुम्हीच केलात तिच्याशी. इतकं माहीत होतं, तर तुम्ही का नाही सांगितलं?”

वर्मावर बोट पडलं की मी काय करतो ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा हाडांचा सांगाडा होता, तो मी हाताच्या फटक्याने खाली उडवला. वॉचमनने मला बाहेर काढलं. त्यानंतर ठाणे ते कल्याण एकेक हॉस्पिटलचे फोन बंद होत गेले. शिगवणचा माल घेऊ नका, हलका असतो, एवढं बोलणं पुरतं. लेखी कुणी काही देत नाही. लेखी दिलं असतं तर मी कोर्टात गेलो असतो.

दोन महिने मी घरात धुमसत होतो. बायको एक दिवस म्हणाली, “डॉक्टरला शिव्या घालून झाल्या असतील तर त्या बाईला तरी भेटून या.” मी तिच्यावरही ओरडलो. मग गेलो.

हिराबाय घराच्या ओट्यावर बसून डाव्या हाताने सुकटीतला कचरा निवडत होती. उजव्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टिकचा साचा. साचा काढला तर हात कोपरातून कुठेही वळतो, दोरीला बांधल्यासारखा. मला बघून तिने ऊठ-बस काही केली नाही.

“बस शेट.”

मी बसलो. येताना काय काय ठरवलं होतं, माल कसा चांगला होता, डॉक्टर कसे खोटं बोलले. शेवटी म्हणालो, “मावशी, मला माहीत होतं. पाटी उचलायची नाही हे मला तेव्हाच माहीत होतं.”

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “मी म्हावरा ईकते. गिऱ्हाईक घासाघीस करताना मी काय बी बोलते, तू पन बोलतोस. पन गिऱ्हाईकानी इच्यारला, बाय, ताजा हाय का, त शिळा आसला त शिळा सांगते. नाय घेतला त नाय घेतला. मी तुला इच्यारला होता शेट.”

“हो.”

“दुसरा काय होता? म्हंजे, या लोखंडाच्या बदली?”

मी पट्ट्यांचं सांगितलं. दोन्ही बाजूंनी पट्ट्या, स्क्रू. बहुतेक हात पुरता सरळ झाला नसता, पुरता वाकलाही नसता, थोडा आखडला असता, दुखलाही असता. पण हाड जुळलं असतं तर वर्षभराने त्याने वजन पेललं असतं. जुळलंच असतं अशी खात्री नाही, तेही सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं, हा सांधा कुणाला फळतो ते, डोंबिवलीच्या बाईंची वेणीसुद्धा.

ऐकता ऐकता तिचा डावा हात थांबला.

“वाकडा राह्यला आसता?”

“थोडा.”

“मंग राहू दे ना वाकडा! वाकड्या हातानी पाटी उचलता येते. माजी सासू वाकड्या हातानीच मेली, शेवटच्या दिसापरयंत बाजारान बसली. मना वेणी घालायची नव्हती शेट. येकदा इच्यारायचा होता मना. कोनी तरी येकदा.”

ती रडली नाही. तिची मार्केटातली जागा आता भाचसून चालवते. उजवा हात गेला म्हणजे मासा कापता येत नाही, पाटी ओढता येत नाही. नुसतं बसून दुसरीच्या मालाचे भाव सांगायला तिला आवडत नाही, असं कल्पनाने जाताना सांगितलं. कल्पनाने चहा विचारला नाही. बरोबर केलं.

डॉक्टर, तुमच्या वेटिंग रूममध्ये दिवाळी अंक ठेवलेले असतात, म्हणजे हे तुमच्यापर्यंत पोचेल. माझा माल खोटा होता असं तुम्ही पसरवलंत, ते एकतर सहीनिशी लिहून द्या किंवा ज्यांना सांगितलंत त्यांच्यासमोर मागे घ्या. हे माझं मागणं आहे आणि ते मी सोडणार नाही. पण ते नंतर. आधी हिराबायला उत्तर द्या. जो हात तिच्या कामी आला असता तो सोडून परिषदेत दाखवण्याजोगा हात तिला कुणी दिला, कुणासाठी दिला, आणि त्याआधी तिला एकदा तिच्या भाषेत का विचारलं नाही? माझ्या वाट्याचं मी तिच्या ओट्यावर बसून, तिच्या डोळ्यांत बघून कबूल केलं. तुमच्या वाट्याचं तुमच्या वकिलाने किंवा तुमच्या रिसेप्शनिस्टने देऊन चालणार नाही, तुम्हीच जायला हवं. तुमच्या दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटं लागतात. वेळ ठरवायची गरज नाही. पूर्वी ती सकाळची भेटायची नाही, मार्केटात असायची. आता सकाळीही घरीच असते.